महाविद्यालयीन शिक्षणातील नीतिशास्त्राचे स्थान : शिखरविषयापासून दुय्यम विषयापर्यंत

१

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एखाद्या विषयाला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. कोणता विषय आवश्यक मानावा, कोणता ऐच्छिक ठेवावा, कोणत्यास मुख्य व कोणत्यास दुय्यम म्हणावे, हे ठरविताना तासिकांची संख्या, अध्यापकांची उपलब्धता आणि विद्यार्थ्यांचा कल एवढ्याच गोष्टी पाहिल्या जातात, अशी सामान्य समजूत असते. परंतु अभ्यासक्रमाचा इतिहास एका दीर्घ कालखंडात पाहू गेल्यास निराळेच चित्र दिसते. विषयाचे स्थान बदलते तेव्हा त्या विषयाकडून असलेली समाजाची अपेक्षाही बदललेली असते. आणि पुष्कळदा ती अपेक्षा शब्दांत मांडली जाण्यापूर्वीच वेळापत्रकात उमटलेली असते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत नीतिशास्त्राला जे स्थान मिळत गेले, ते ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीतिशास्त्र हा तेथील महाविद्यालयीन शिक्षणाचा कळस होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो तत्त्वज्ञान विभागातील एक मर्यादित विषय होऊन राहिला. त्याच शतकाच्या अखेरच्या पावशतकात तो 'व्यावसायिक व उपयोजित नीतिशास्त्र' ह्या नावाने परत आला. पण तो परतला तो बहुधा दुय्यम विषय म्हणून. वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य, कायदा अथवा पत्रकारिता ह्यांपैकी एखादा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या जोडीला पाच-सहा अभ्यासक्रमांचा एक गट म्हणून त्याचा अभ्यास करावा, अशी ही योजना असते. ह्या स्थित्यंतराकडे केवळ अवनती म्हणून पाहणे सोपे आहे. तथापि इतिहासाचा पुरावा त्या निष्कर्षास सर्वस्वी अनुकूल नाही. नीतिशास्त्राला मिळालेले दुय्यम स्थान काही बाबतींत त्याच्या जुन्या शिखरस्थानापेक्षा अधिक फलदायी ठरले आहे, आणि त्या स्थानाची म्हणून जी मर्यादा आहे तीही ह्याच इतिहासात स्पष्टपणे नोंदली गेली आहे. ह्या दोन्ही बाजूंचा विचार येथे अभिप्रेत आहे.

२

यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकन महाविद्यालयात अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस नैतिक तत्त्वज्ञान हा विषय आवश्यक असे, आणि तो बहुधा स्वतः महाविद्यालयाचे अध्यक्ष शिकवीत. हे अध्यक्ष बहुतेक धर्मोपदेशक असत. जॉन विदरस्पून हे १७६८ मध्ये स्कॉटलंडहून न्यू जर्सीच्या महाविद्यालयात, म्हणजे पुढे प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत, अध्यक्ष म्हणून आले व त्यांनी तेथे नैतिक तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन हे त्यांचे विद्यार्थी. ह्या एकाच विषयाच्या पोटात आजचे नीतिशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र व मानसशास्त्राचा काही भाग सामावलेला असे. चार वर्षांत विद्यार्थ्याने जे भाषाज्ञान, गणित व निसर्गविज्ञान मिळविले त्याचा जीवनाशी मेळ घालून देणे, हे ह्या अंतिम वर्गाचे कार्य मानले जाई.

आरंभी विल्यम पेली ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचा १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या वर्गांतून वापरला जात असे. ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलंड ह्यांनी १८३५ मध्ये नीतिशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारा स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अल्पावधीत त्याने पेलीच्या ग्रंथाची जागा घेतली. वेलंड १८२७ ते १८५५ पर्यंत अध्यक्षपदी होते. त्यांच्या ग्रंथाची मांडणी साधी होती. आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वरूप, नंतर ईश्वराविषयीची व मानवाविषयीची कर्तव्ये, आणि शेवटी मालमत्ता, वचनपालन, कुटुंब, शासन अशा व्यवहारांतील नियम. व्यवहारातील प्रश्न नीतिशास्त्राच्या बाहेरचे आहेत, अशी शंकाही त्या काळी कोणाच्या मनात येत नसे. त्या अर्थाने उपयोजित नीतिशास्त्र हे आधुनिक काळाचे अपत्य नसून जुन्याच विषयाचा एक हरवलेला अर्धा भाग होय.

परंतु ह्या शिखरस्थानाची कसोटी पाहणारा एक प्रश्न त्या देशापुढे उभा होता. तो म्हणजे गुलामगिरीचा. वेलंड ह्यांनी आपल्या ग्रंथात गुलामगिरी नीतीस धरून नाही असे प्रतिपादन केले, आणि १८४५ मध्ये दक्षिणेतील धर्मोपदेशक रिचर्ड फुलर ह्यांच्याशी ह्याच प्रश्नावर झालेला त्यांचा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. उलटपक्षी व्हर्जिनियातील रँडॉल्फ-मेकन महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम स्मिथ ह्यांनी आपल्या नैतिक तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांतून गुलामगिरीचे समर्थन केले व १८५६ मध्ये ती व्याख्याने पुस्तकरूपाने छापली. दोघेही अध्यक्ष, दोघेही धर्मोपदेशक; दोघांचा विषय एक, वर्ग एक आणि अधिकारही सारखाच. विदरस्पून तर नैतिक तत्त्वज्ञान शिकवीत असता स्वतःच गुलाम बाळगून होते. तात्पर्य, विषयाला अभ्यासक्रमात सर्वोच्च आसन मिळाले म्हणजे त्याच्या मुखातून योग्यच निर्णय बाहेर पडेल, अशी हमी देता येत नाही. अध्यक्षांच्या व्याख्यानाची शक्ती समाजात आधीच असलेल्या मतैक्यावर अवलंबून होती. जेथे मतैक्य होते तेथे ते व्याख्यान प्रभावी ठरे. जेथे ते भंगले तेथे परस्परविरोधी मतांची छाननी कशी करावी हे शिकविण्याचे साधन त्या वर्गापाशी नव्हते.

३

ह्या जुन्या रचनेस पहिला धक्का देणाऱ्यांत स्वतः वेलंड हेही होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८५० मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या नियामक मंडळास सादर केलेल्या अहवालात त्यांनी सर्वांना एकच ठरावीक अभ्यासक्रम लावण्याची पद्धत सोडून द्यावी व विद्यार्थ्यास निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, असे सुचविले. वाढत्या उद्योगधंद्यांच्या समाजाला उपयुक्त ज्ञान हवे आहे, आणि ते न देणारे महाविद्यालय ओस पडेल, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा प्रयोग तत्काळ यशस्वी झाला नाही. परंतु १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत हेच तत्त्व जवळजवळ टोकास नेले. शतकाच्या अखेरीस तेथे आवश्यक विषय नाममात्र उरले होते. एलियट ह्यांच्या नंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉरेन्स लोवेल ह्यांनी ह्या स्वैर निवडीस आळा घालून प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयात सखोल व इतर विषयांत विभागून अभ्यास करावा अशी व्यवस्था आणली. मुख्य विषय आणि त्याच्या जोडीचा दुय्यम विषय ही आज सर्वत्र परिचित असलेली रचना ह्याच घडामोडींच्या काळात रूढ होत गेली. मात्र नव्या रचनेत सर्व ज्ञानाचा मेळ घालणाऱ्या कळसविषयाला जागा उरली नव्हती.

ऱ्हासाचे दुसरे कारण विषयाच्या पोटातच होते. नैतिक तत्त्वज्ञानाने ज्या शास्त्रांना आश्रय दिला होता ती एकेक करून स्वतंत्र झाली. वेलंड ह्यांनीच १८३७ मध्ये अर्थशास्त्रावर निराळे पुस्तक लिहिले होते. पुढील दोन पिढ्यांत अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र व समाजशास्त्र ह्यांचे पृथक् विभाग स्थापन झाले. हार्वर्डमध्ये फ्रान्सिस पीबॉडी ह्यांनी १८८० च्या दशकात दारिद्र्य, मद्यपान, घटस्फोट, कामगारांची स्थिती अशा प्रश्नांचा नैतिक दृष्टीने विचार करणारा वर्ग सुरू केला, आणि १९०६ मध्ये तेथे सामाजिक नीतिशास्त्राचा स्वतंत्र विभागही निघाला. पुढे रिचर्ड कॅबट ह्या नामांकित वैद्याकडे त्याचे नेतृत्व आले. वैद्यकाच्या प्रत्यक्ष अनुभवातून नीतिविचाराकडे वळलेला अध्यापक, ही घटना पुढील काळाची चाहूल देणारी होती. परंतु १९३१ मध्ये हा विभाग नव्या समाजशास्त्र विभागात विलीन झाला. मोजमाप व निरीक्षण करणाऱ्या शास्त्रापुढे 'असावे' ह्या शब्दाची भाषा मागासलेली वाटू लागली होती.

तिसरे कारण तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रातील. जी. ई. मूर ह्यांच्या १९०३ मधील ग्रंथापासून इंग्रजी भाषिक तत्त्वज्ञांचे लक्ष 'काय करावे' ह्या प्रश्नावरून 'चांगले ह्या शब्दाचा अर्थ काय' ह्या प्रश्नाकडे वळले. ए. जे. एअर ह्यांनी १९३६ मध्ये, आणि अमेरिकेत चार्ल्स स्टीव्हन्सन ह्यांनी १९४४ मध्ये, नैतिक विधाने ही प्रामुख्याने भावनांची अभिव्यक्ती असतात अशा आशयाची भूमिका मांडली. ह्या विश्लेषणाने विचाराला काटेकोरपणा आला, हे नाकारता येत नाही. परंतु रुग्णशय्येपाशी, न्यायालयात किंवा कारखान्यात उद्भवणाऱ्या प्रश्नांविषयी तत्त्वज्ञाने तत्त्वज्ञ ह्या नात्याने काही सांगण्यासारखे नाही, अशी समजूतही त्यातूनच दृढ झाली.

मग व्यवसायांतील नीतिविचार कोठे गेला? तो व्यवसायसंघांच्या आचारसंहितांत गेला. अमेरिकन वैद्यक संघाची संहिता १८४७ ची, वकील संघाची १९०८ ची व स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेची १९१४ ची. ह्या संहितांचे महत्त्व मोठे आहे. तथापि आरंभीच्या संहितांत समव्यवसायींनी एकमेकांशी कसे वागावे, जाहिरात करावी की नाही, दुसऱ्याच्या अशिलाला किंवा रुग्णाला आपल्याकडे ओढावे की नाही, ह्या गोष्टींना बरेच स्थान होते. लोकांची सुरक्षितता हे अभियंत्याचे सर्वश्रेष्ठ कर्तव्य होय, हे विधान त्या देशातील अभियांत्रिकी संहितांच्या अग्रभागी आले ते १९७० च्या दशकात. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यास व्यवहार न पाहणारे नीतिशास्त्र विद्यापीठात होते, आणि व्यवसायांपाशी टीकेच्या कसोटीस न लागलेली नीती होती. दोहोंची गाठ पडत नव्हती.

४

ती गाठ पडली ती तत्त्वज्ञांच्या पुढाकाराने नव्हे. १९६६ मध्ये हार्वर्डमधील भूलशास्त्राचे प्राध्यापक हेन्री बीचर ह्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना पुरेशी कल्पना न देता, त्यांच्या जिवास धोका पोहोचेल अशा रीतीने झालेल्या संशोधनाची २२ उदाहरणे त्यांनी दिली होती. ही उदाहरणे आडबाजूच्या संस्थांतील नव्हती, प्रतिष्ठित संस्थांतील होती. न्यूरेंबर्ग येथील खटल्यानंतर १९४७ मध्ये मानवी प्रयोगांसंबंधीची संहिता तयार झाली होती खरी. पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी गुन्ह्यांसाठी आहे, अशी अमेरिकन वैद्यकाची भावना होती. बीचर ह्यांच्या लेखाने त्या भावनेस तडा गेला.

त्याहून मोठा आघात १९७२ च्या जुलैमध्ये झाला. ॲलाबामा संस्थानातील मेकन परगण्यात, टस्कीगी येथे, सरकारच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालविले होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. रोग उपचारांविना कसा वाढतो हे पाहणे हा निरीक्षणाचा हेतू होता. १९४० च्या दशकात पेनिसिलीन हे गुणकारी औषध उपलब्ध झाल्यावरही ते ह्या लोकांना देण्यात आले नाही; आपल्याला नेमका कोणता आजार आहे व आपल्यावर उपचार होत नाहीत, हेही त्यांना सांगण्यात आले नव्हते. आरोग्यसेवेत कामाला असलेल्या पीटर बक्स्टन ह्या तरुणाने १९६६ मध्ये व पुन्हा १९६८ मध्ये वरिष्ठांकडे लेखी हरकत घेतली. ती बाजूस सारली गेली. शेवटी त्यांच्याकडील माहितीच्या आधारे वृत्तसंस्थेने बातमी दिली व चाळीस वर्षे चाललेला तो प्रकार थांबला. हे संशोधन गुप्त नव्हते. त्यावरील लेख वैद्यकीय नियतकालिकांतून छापले जात होते व अनेकांच्या वाचनात येत होते. म्हणजे उणीव माहितीची नव्हती. जे डोळ्यांपुढे आहे त्यात नैतिक प्रश्न आहे हे ओळखण्याची सवयच शिक्षणाने लावलेली नव्हती.

ह्या प्रकरणाचा परिणाम म्हणून १९७४ मध्ये राष्ट्रीय संशोधन अधिनियम संमत झाला व त्यान्वये एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बेलमाँट अहवालात व्यक्तींविषयी आदर, हितकारिता आणि न्याय अशी तीन तत्त्वे सांगितली आहेत. आयोगाच्या कामात सहभागी असलेले तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन ह्यांनी एक अनुभव पुढे नोंदविला, तो अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. भिन्न धर्मांचे व भिन्न व्यवसायांचे सभासद विशिष्ट प्रकरणाविषयी काय योग्य हे ठरविताना पुष्कळदा एकमताने बोलत; परंतु ते का योग्य, ह्याची कारणे देऊ लागले की त्यांच्यात मतभेद होत. वेलंड व स्मिथ ह्यांच्या काळी ज्या साधनाचा अभाव होता, ते साधन येथे दृष्टीस पडते. तत्त्वापासून निघून प्रकरणापर्यंत उतरण्याऐवजी प्रकरणांची तुलना करीत तत्त्वापर्यंत चढावे, ही ती पद्धत होय. टूलमिन ह्यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधाच्या शीर्षकातच वैद्यकाने नीतिशास्त्राचे प्राण वाचविले, असा अभिप्राय दिला आहे.

ह्याच सुमारास तत्त्वज्ञांचीही दृष्टी पालटत होती. १९७१ मध्ये जॉन रॉल्स ह्यांचा न्यायविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी सार्वजनिक प्रश्नांना वाहिलेले 'फिलॉसफी अँड पब्लिक अफेअर्स' हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात १९७२ मध्ये पीटर सिंगर ह्यांचा दुष्काळ व श्रीमंती ह्यांवरील निबंध आला. त्याचा आरंभ १९७१ च्या अखेरीस पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या झालेल्या हालांपासून होतो. भारतीय भूमीवरील छावण्यांतील माणसांचे दुःख हा इंग्रजी तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चेचा विषय झाला, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी संभवनीय नव्हती.

५

विषयाच्या पुनःप्रवेशाची पावले आता मोजता येतात. न्यूयॉर्कनजीक हेस्टिंग्ज केंद्राची स्थापना १९६९ मध्ये झाली, आणि जॉर्जटाउन विद्यापीठातील केनेडी संस्थेची १९७१ मध्ये. वॉटरगेट प्रकरणात अनेक वकील गुंतलेले आढळल्यावर वकील संघाने १९७४ मध्ये मान्यताप्राप्त विधि-महाविद्यालयांतून व्यावसायिक जबाबदारीचे शिक्षण आवश्यक केले. १९७६ मध्ये शिकागो येथील इलिनॉय तंत्रज्ञान संस्थेत व्यवसायांतील नीतीच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. १९७९ मध्ये टॉम बोशाँ व जेम्स चिल्ड्रेस ह्यांचा जीववैद्यकीय नीतितत्त्वांवरील ग्रंथ आला व तो पुढील पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. १९९१ मध्ये उपयोजित व व्यावसायिक नीतिशास्त्राच्या अभ्यासकांची संघटना इंडियाना विद्यापीठात स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने व्यावसायिक व नैतिक जबाबदारीची जाण ही पदवीधराच्या अपेक्षित गुणांत समाविष्ट केली.

दुय्यम विषय म्हणून नीतिशास्त्राचा जो अभ्यासगट अनेक महाविद्यालयांत रूढ झाला, तो ह्या सर्व प्रवाहांचा संगम होय. त्याची घडण स्थूलमानाने अशी असते. प्रथम नीतिविषयक उपपत्तींचा एक पायाभूत अभ्यासक्रम. त्यानंतर वैद्यकीय, व्यापारी, पर्यावरणीय, अभियांत्रिकी अथवा वृत्तपत्रीय नीती ह्यांतील दोन-तीन. त्याला जोडून कायदा, समाजशास्त्र किंवा धर्मविचार ह्यांतील एखादा. आणि अखेरीस प्रकरणांच्या अभ्यासावर आधारलेले चर्चासत्र. वर्गात येणारे विद्यार्थी निरनिराळ्या मुख्य विषयांचे असतात, ही ह्या योजनेची खरी जमेची बाजू. भावी परिचारिका, भावी हिशेबतपासनीस व भावी अभियंता एकाच प्रकरणावर बोलू लागले की प्रत्येकाला आपल्या व्यवसायातील गृहीत गोष्टी दुसऱ्याच्या नजरेने पाहाव्या लागतात. इलिनॉय तंत्रज्ञान संस्थेत १९९३ मध्ये सुरू झालेल्या आंतरमहाविद्यालयीन नीतिस्पर्धेनेही हाच हेतू धरला आहे. वक्तृत्वस्पर्धेप्रमाणे तीत नेमून दिलेली बाजू लढवावयाची नसते. जे मत खरोखर पटते ते कारणांसह मांडावयाचे व प्रतिपक्षाच्या योग्य मुद्द्याचा स्वीकार करावयाचा, अशी तिची रीत आहे.

उपयोजित नीतिशास्त्राला दुसऱ्या विषयाची जोड लागते, ही त्याची दुर्बलता नसून त्याचे स्वरूपच आहे. औषधाची मात्रा, पुलाचा भार, हिशेबातील नोंद ह्यांचे ज्ञान नसलेल्याला तेथील नैतिक प्रश्न दिसत नाही; आणि केवळ ते ज्ञान असलेल्याला तो प्रश्न नैतिक आहे हे दिसत नाही. मुख्य विषयाच्या शेजारी असणे ही ह्या अभ्यासाची अटच होय.

६

येथवर दुय्यम स्थानाची एक बाजू झाली. दुसरी बाजू अपेक्षांची. अशा अभ्यासाने माणसे सदाचारी होतात काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीत विचारला गेला आहे. १९७६ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष डेरेक बॉक ह्यांनी नीती शिकविता येते काय, असाच प्रश्न शीर्षकात घालून एक लेख लिहिला व समस्यांच्या चर्चेवर आधारलेल्या अध्यापनाचा पुरस्कार केला. त्यानंतर हेस्टिंग्ज केंद्राने उच्च शिक्षणातील नीतिशास्त्राच्या अध्यापनाची विस्तृत पाहणी केली, व तिचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अध्यापनाची पाच उद्दिष्टे सांगितली आहेत. नैतिक कल्पनाशक्ती जागी करणे, नैतिक प्रश्न ओळखणे, नैतिक दायित्वाची जाणीव उत्पन्न करणे, विश्लेषणाचे कौशल्य वाढविणे, आणि मतभेद व संदिग्धता सहन करीत ती कमी करण्याचा प्रयत्न करणे, ही ती होत. विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष वर्तन सुधारणे हे उद्दिष्ट ह्या यादीत नाही. ते हेतुपुरस्सर वगळण्यात आले. ज्या अध्यापनाचे यश वर्तनावर मोजले जाईल ते लवकरच उपदेशात परिणत होईल, आणि उपदेश म्हणजे जुन्या अध्यक्षीय व्याख्यानाकडे परत जाणे होय, अशी भीती त्यामागे होती असे म्हणावयास हरकत नाही.

ही मर्यादा किती वास्तव आहे हे दोन घटनांवरून ध्यानात येते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात 'बार्ट' ह्या नव्या लोहमार्गाचे काम चालू असता गाड्यांच्या स्वयंचलित नियंत्रणातील दोष तीन अभियंत्यांच्या लक्षात आले. त्यांनी वरिष्ठांना सांगितले. तेथे दाद लागेना तेव्हा संचालक मंडळापर्यंत ते प्रकरण गेले. मार्च १९७२ मध्ये तिघांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रीमाँट स्थानकात एक गाडी न थांबता मार्गाच्या टोकापलीकडे गेली व काही उतारू जखमी झाले. दुसरी घटना २८ जानेवारी १९८६ ची. चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणापूर्वीच्या रात्री रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे सांध्यातील रबरी कडी निकामी होण्याचा धोका आकृत्यांसह मांडला व उड्डाण पुढे ढकलावे असा सल्ला दिला. चर्चेच्या अखेरीस त्यांच्यातीलच एका वरिष्ठाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावयास सांगण्यात आले, आणि सल्ला फिरविला गेला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर प्राणास मुकले.

ह्या दोन्ही ठिकाणी नैतिक ज्ञानाची उणीव नव्हती. टस्कीगीबाबतही बक्स्टन ह्यांना प्रश्न दिसला होता आणि त्यांनी तो लिहूनही कळविला होता. बोलणाऱ्याचे ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती, आणि बोलल्याबद्दल त्याची उपजीविका जाणार नाही ह्याची शाश्वती नव्हती. एकट्या अभियंत्याला नीतिशास्त्राचे पाच अभ्यासक्रम शिकवून धैर्याचा सारा भार त्याच्या खांद्यावर टाकणे, आणि ज्या संस्थेत तो काम करणार तिची रचना तशीच ठेवणे, हा न्याय नव्हे. म्हणून ह्या विषयाच्या उत्तम अभ्यासक्रमांत व्यक्तीच्या कर्तव्याबरोबर संस्थेची रचना, तक्रारीचे मार्ग, कायद्याचे संरक्षण व व्यवसायसंघाची जबाबदारी ह्यांचाही अभ्यास केला जातो. १९८४ मधील भोपाळची वायुदुर्घटना अमेरिकन पाठ्यपुस्तकांत पुन्हा पुन्हा येते ती ह्याच कारणाने. तेथे कोणा एका माणसाचा निर्णय शोधून भागत नाही. देखभालीतील काटकसर, मूळ कंपनी व तिची उपकंपनी ह्यांतील संबंध आणि शासनाची ढिलाई हे सर्व एकत्र पाहावे लागते.

दुय्यम स्थानाचा आणखी एक धोका आहे. नीतीसाठी एक स्वतंत्र कप्पा केला की मुख्य विषयाचे अध्यापक त्या चिंतेतून मोकळे झाले असे मानू लागतात. हा धोका ओळखून काही संस्थांनी प्रत्येक तांत्रिक वर्गातच नैतिक प्रश्नांचा अंतर्भाव करण्याचा मार्ग १९९० नंतर अवलंबिला. परंतु सर्वांचे काम ते कोणाचेच काम नव्हे, हा अनुभवही तितकाच जुना आहे. दोन्ही मार्ग एकमेकांस पूरक ठरतील तेव्हाच त्यांचे दोष कमी होतील.

७

महाराष्ट्रातील विद्यापीठांना हा इतिहास आता परका राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये मुख्य व दुय्यम विषयांची रचना येथील पदवी अभ्यासक्रमांत आली असून 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द विद्यार्थ्यांच्या नित्याच्या बोलण्यात रूढ झाले आहेत. त्याआधी २०१३ मध्ये संघ लोकसेवा आयोगाने नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेत नीतीविषयक स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली, आणि २०१९ च्या तुकडीपासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद ह्यांच्या शिक्षणाचा अंतर्भाव झाला. मुंबईत तर ह्या विचाराला याहून आधीची परंपरा आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधांची खरेदी, तपासणी व प्रशासन ह्यांतील दोषांची साखळी उघड केली. १९९३ पासून मुंबईतील वैद्यकीय व्यावसायिकांच्या पुढाकाराने वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक निघू लागले. आज ते 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ह्या नावाने परिचित आहे.

विचाराची सामग्रीही मराठीत आहे. लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तील कर्मजिज्ञासा हे प्रकरण कर्तव्यांचा परस्परविरोध आला असता काय करावे, ह्या प्रश्नाला वाहिलेले आहे. सत्य व अहिंसा ह्यांसारख्या सर्वमान्य नियमांनाही कोठे अपवाद संभवतात, ह्याची चिकित्सा तेथे महाभारतातील प्रसंग व पाश्चात्त्य ग्रंथकारांची मते शेजारी ठेवून केली आहे. प्रकरणांवरून तत्त्वाकडे जाण्याची रीत मराठी वाचकाला नवी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. तथापि परकीय प्रकरणे व परकीय संहिता जशाच्या तशा उचलून अभ्यासक्रम बनविल्यास तो परीक्षेपुरता उरेल. जिल्हा रुग्णालय, सहकारी साखर कारखाना, नगरपालिकेचे बांधकाम खाते, खाजगी शिकवणी वर्ग, जिल्ह्याचे वृत्तपत्र ह्यांतून उद्भवणारे प्रश्न नोंदवून, तपासून पाठ्यरूपाने मांडणे हे काम तत्त्वज्ञान विभागाने एकट्याने व्हावयाचे नाही, आणि व्यावसायिक विद्याशाखांनी एकट्यानेही व्हावयाचे नाही.

मराठीत 'वृत्ती' ह्या शब्दाला उपजीविकेचे साधन आणि मनाची ठेवण असे दोन्ही अर्थ आहेत. वेलंडच्या काळचे महाविद्यालय मनाची ठेवण शिकवी आणि उपजीविका विद्यार्थ्यावर सोपवी; त्यानंतरच्या शतकातील महाविद्यालय उपजीविका शिकवून ठेवण ज्याच्या त्याच्यावर सोपवू लागले. नीतिशास्त्राचा दुय्यम विषय ही दोन्ही अर्थ एकत्र आणण्याची एक मर्यादित योजना आहे. तिच्याकडून सज्जनांची पैदास मागणे अवास्तव ठरेल. टस्कीगीवरील लेख वाचून पान उलटणाऱ्या शेकडो वाचकांपैकी काहींनी तेथे थांबावे, प्रश्न विचारावा आणि तो विचारणारे ते एकटे नसावेत, एवढे जरी तिने साधले तरी अभ्यासक्रमातील तिची जागा तिने सार्थ केली असे म्हणता येईल.